दुबईला लेकीच्या बाळंतपणाला निघालोय, ओटीचं सामान आणि लाडू बॅगेत चालतात का?

सुदामानगरचे_होणारे_आजोबा
नमस्कार मंडळी. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघं इंदूरहून मुंबई आणि मुंबईहून दुबई असे निघालोय, लेकीचे दिवस भरत आलेत. आता प्रश्न सामानाचा. हिने गेले पंधरा दिवस घरात कारखाना लावलाय, डिंकाचे लाडू झालेत, हळिवाचे झालेत, खोबऱ्याच्या वाट्या दोन किलो घेतल्यात (तिकडे आपल्यासारखं खोबरं मिळत नाही म्हणे), खसखस पाव किलो, बाळंतशेपा, ओवा, बाळगुटीचा डबा, तूप, लिंबाचं लोणचं, आणि वरून निघताना शेजारच्या काकूंनी लेकीसाठी ओटी पाठवलीय, त्यात नारळ, विड्याची पानं, सुपारी, हळकुंड, खण, तांदूळ सगळं आहे. शिवाय रतलामी सेव तीन किलो आणि जिरावन मसाला, ते तर जावईबापूंनी फोन करून सांगितलंय. मी म्हटलं बाई एअरपोर्टवर काढून घेतील, ती म्हणते मागच्या वर्षी अमकीने नेलं होतं तिला कोणी काही म्हटलं नाही. घरात शांतता हवी असेल तर कोणीतरी मला पक्कं सांगा काय चालतं काय नाही. मोबाइलवर दहा जण दहा गोष्टी सांगून राहिलेत.

बाफलेवाला
काका आधी अभिनंदन! सेव बिनधास्त न्या, मी दर वेळी नेतो. केबिनमध्ये न्या, चेक-इनमध्ये न्या, काही होत नाही. फक्त जिरावन हातातल्या बॅगेत नका ठेवू, पावडर आहे आणि तिखट आहे, मिरची पावडर आणि तिखट मसाले सिक्युरिटीवाले केबिनमध्ये सोडत नाहीत. चेक-इनमध्ये टाका, दोन पिशव्यांत बांधून, नाहीतर सगळे शर्ट जिरावन मारून निघतील, माझे निघालेत.

स्नेहलतागंज
खोबरं नका नेऊ काका!! माझ्या सासूबाईंचं काढून घेतलं होतं, चेक-इनची बॅग होती तरी बोलावून उघडायला लावली. त्या इतक्या चिडल्या की त्या पोराला म्हणाल्या "बाळा, खोबऱ्याने काय विमान पाडणार आहे का मी". तो बिचारा हसला पण खोबरं ठेवूनच घेतलं.

सुदामानगरचे_होणारे_आजोबा
म्हणजे खरंच खोबरं बंद आहे? मला वाटलं व्हॉट्सॅपवरची थाप आहे. साधं वाटीचं खोबरं हो, जे आपण रोज भाजीत घालतो!

कार्गोतला_जुना_माणूस
थाप नाही. मी एकोणतीस वर्षं हवाई मालाच्या धंद्यात काढली, रिटायर होऊन राजेंद्र नगरात बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

सुकं खोबरं, ज्याला इंग्रजी कागदांवर कोप्रा म्हणतात, त्याला धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा नंबर आहे, यूएन १३६३, वर्ग ४.२. हा वर्ग म्हणजे बाहेरून काडी न लावता आपलं आपण तापून पेटू शकणाऱ्या वस्तूंचा. खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं, त्यात थोडी ओल राहिली आणि ढीग बंद जागी पडून राहिला की आत उष्णता साठत जाते. जहाजांवर खोबऱ्याच्या मालाला आगी लागलेल्या आहेत, जुना अनुभव आहे तो. आता तुमच्या दोन किलोने तसं होईल का, तर बहुतेक नाही. पण एका विमानात दोनशे माणसं आणि प्रत्येकाच्या घरी एक सासूबाई, हे धरून नियम करावा लागतो. म्हणून केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे अर्ध्या प्रश्नांची उत्तरं घरीच मिळतील. बॅगेकडे तीन वेगळे लोक तीन वेगळ्या नजरांनी बघतात आणि आपण तिघांना एकच समजतो. पहिला बघतो, हे पेटेल का, फुटेल का, सांडून विमानाचा पत्रा खाईल का. दुसरा, म्हणजे सीआयएसएफवाला, बघतो की हे घेऊन वर कोणी कोणाला इजा करेल का. तिसरा बसलाय उतरण्याच्या गावी, त्याला तुमच्या विमानाशी काही घेणं नाही, तो बघतो हे आमच्या देशात आणायला परवानगी आहे का. सुरी दुसऱ्याला खटकते म्हणून खाली जाते. पॉवर बँक पहिल्याला खटकते म्हणून उलटी, वर हातात येते. खोबरं पहिल्यालाच खटकतं पण त्याला वर-खाली कुठेच जागा नाही. आणि तुमची खसखस पहिल्या दोघांना अजिबात खटकणार नाही, ती तिसऱ्याला खटकेल, आणि तुमच्या लिस्टमधली सगळ्यात डेंजर गोष्ट तीच आहे.

बर_दुबईतला_इंदुरी
+१०० कार्गोवाल्या काकांना. मी इथे अकरा वर्षं आहे. आजोबा, कृपा करून खसखस आणू नका!! पाव किलो काय, चमचाभरसुद्धा नको. यूएईमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते, कारण ती अफूच्या झाडाची. भारतात किराणा दुकानात मिळते म्हणून आपल्याला कळतच नाही, आणि आपण तर माळव्यातले, मंदसौर-नीमचला अफूची लायसन्सवाली शेती आपल्या डोळ्यासमोर होते, खसखस तिथूनच येते घरात. इथे ते ऐकून घेत नाहीत. सिंगापूरलाही बंद आहे, सौदीलाही.

आणि लाडवांत घातलीय का ते आधी विचारा काकूंना.

सुदामानगरचे_होणारे_आजोबा
विचारलं. घातलीय. भाजून. सगळ्यात.

घरात आता कोणी कोणाशी बोलत नाहीये.

लोकमान्यनगर_ताई
अहो काकूंना सांगा मन खट्टू करू नका, ते लाडू इथेच घरच्यांना वाटून टाका आणि बिनखसखशीचे परत करा, चार दिवस आहेत की हाताशी. डिंक, खारीक, बदाम, गूळ, गव्हाचं पीठ, तूप. खोबरं किसून भाजून लाडवात घातलं तर तो लाडू झाला, मी पुण्याला दोनदा नेलेत, कोणी वाटी शोधत नाही त्यात. खसखशीच्या जागी थोडे तीळ घाला, चव वेगळी लागेल पण बाळंतिणीला काय, गरम गरम मिळालं की झालं. आमच्या रामबागेच्या घरी आजी खसखस घालायचीच नाही, म्हणायची मूल झोपतं खूप. आता कळलं का झोपायचं 😀

पुणेकर_बाय_चॉइस
एक दुरुस्ती. "कोणी काही म्हटलं नाही" याला नियम म्हणत नाहीत. नियम ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी काढते, धोकादायक मालाचं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय बघतं, आणि प्रत्येक एअरलाइन त्यावर स्वतःचं आणखी कडक काही लावू शकते. तिकिटाच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात यादी असते, ती वाचायची असते.

बाफलेवाला
आले आले पुणेकर. जन्म जेल रोडचा आणि गप्पा सदाशिव पेठेच्या. भिया तू वाचतो का ती बारीक अक्षरं?

पुणेकर_बाय_चॉइस
वाचतो. म्हणूनच माझं आजपर्यंत काही काढून घेतलेलं नाही. एकदा फक्त अडकित्ता.

तबलजी_राजेंद्रनगर
अडकित्त्यावरून आठवलं. मी कार्यक्रमाला चाललो होतो, तबला-डग्गा पेटीत घालून चेक-इनला दिला, वरून "नाजूक" चिठ्ठी लावली. हातोडी मात्र सवयीने खांद्याच्या झोळीत, पावडरच्या डबीसोबत. स्क्रीनवर जी काही दिसली असेल, तीन जण जमले. मी म्हणतो अहो ही तबला लावायची हातोडी आहे, तर त्यांचं म्हणणं तबला लावा नाहीतर काही लावा, हातोडी ती हातोडी. हत्यारं-अवजारं केबिनमध्ये नाहीत, बरोबरच आहे त्यांचं, पण सातशे रुपयांची पितळी हातोडी गेली आणि तिकडे जाऊन मी वरवंट्याने तबला लावला, ते दुःख वेगळं. तेव्हापासून हातोडी पेटीत.

शिक्षिका_निवृत्त
आम्हा म्हाताऱ्यांसाठी औषधांचं सांगा ना कोणी. मला इन्सुलिन लागतं, ह्यांना बीपीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध. आम्ही पण डिसेंबरात मुलाकडे चाललोय शारजाला.

बर_दुबईतला_इंदुरी
मावशी, इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, सुयाही चिठ्ठी असली की चालतात. खाली सामानात टाकू नका, एक तर बॅग हरवली तर पंचाईत आणि खाली फार गार होऊन गोठलं तर ते इन्सुलिन वापरायच्या कामाचं राहत नाही. खोकल्याच्या औषधावर कोडीन लिहिलंय का बघा. कोडीन, ट्रॅमाडॉल असली औषधं इथे नियंत्रित आहेत, त्यासाठी इथल्या सरकारी साइटवर निघण्याआधी परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडच्या काही पेनकिलरमध्ये ट्रॅमाडॉल असतं, पत्ता उलटा करून वाचा. बाकी बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठी सोबत. त्या आठवड्याच्या डब्यात सुट्या करून नका आणू, सुटी गोळी कोणती ते कोणालाच कळत नाही.

आणि आजोबा, ओटीतली विड्याची पानं पण काढा. दुबई कस्टम्सच्या बंदी यादीत पान आहे. मला माहीत आहे हे ऐकून काकू काय म्हणतील.

सुदामानगरचे_होणारे_आजोबा
म्हणजे नारळ नाही, पान नाही, मग सुपारी एकटी काय करेल? ओटीत राहिलं काय, खण, तांदूळ आणि हळकुंड!

ही म्हणते नारळ तरी सांगा, तो सुका नाही ओला आहे, पाणी वाजतंय.

कार्गोतला_जुना_माणूस
केबिनमध्ये नारळ नाही, ओला असो की सुका. त्याला एकच अपवाद मला माहीत आहे, शबरीमलाला जाणाऱ्यांच्या इरुमुडीतला, म्हणजे ते डोक्यावर नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला नारळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये विमान वाहतूक मंत्र्यांनीच जाहीर केलं होतं की यात्रेच्या काळापुरता, २० जानेवारी २०२५ पर्यंत, तो हातात नेता येईल, तपासणी करून. त्याआधी २०२२ मध्येही अशी सूट दिली होती. ओटीला अजून कोणी सूट मागितलेली दिसत नाही, मागायला हरकत नाही. चेक-इनमध्ये ओला नारळ काही एअरलाइन घेतात पण पुढे दुबई आहे, फळं-झाडं आली की तिसरा माणूस जागा होतो. माझं ऐका तर ठेवून जा.

कापूर पण ठेवून जा, पूजेच्या पिशवीत असतोच आपल्या. तो पेट घेणाऱ्या घन पदार्थांत मोडतो. काडेपेटी, लायटरही नको. बाळाच्या धुरीची तयारी तिकडेच करा.

मेलबर्नची_माळवी
फळं-फुलांवरून सांगते. मी बारा वर्षांपूर्वी इंदूरहून आले तेव्हा आईने केसात गजरा माळून दिला होता, मी तो सिंगापूरला कचऱ्यात टाकला आणि रडले होते. आता वाटतं वाचले. सप्टेंबर २०२५ मधली बातमी वाचली असेल तुम्ही, मल्याळी अभिनेत्री नव्या नायर ओणमच्या कार्यक्रमाला मेलबर्नला आल्या आणि पर्समध्ये जाईच्या गजऱ्याचा जेमतेम १५ सेंटीमीटर तुकडा राहिला होता, दंड १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर. लाखाच्या वर रुपये झाले. तो गजरा त्यांच्या वडिलांनी दिलेला.

इथे गंमत अशी आहे की वस्तू आणली म्हणून दंड होत नाही तितका ती लपवली किंवा सांगितली नाही म्हणून होतो. विमानात कार्ड देतात त्यावर खाण्याचं, बिया, लाकडी वस्तू, सगळ्याला "हो" टिक करा. फार तर काढून घेतील, किंवा बघून परत देतील. माझ्या सासऱ्यांनी एकदा बी-बियाणं नाही असं लिहिलं आणि बॅगेत निघालं मेथी, धने, आणि तुळशीच्या मंजिऱ्या, पुडी बांधून. तुळस! इकडे येऊन वृंदावन करणार होते.

स्नेहलतागंज
ताई मंजिऱ्यांचं पुढे काय झालं?

मेलबर्नची_माळवी
गेल्या. सासरे त्या अधिकाऱ्याला हात जोडून म्हणाले "पायदळी टाकू नका". तिला काय कळलं माहीत नाही पण तिने वेगळ्या पिशवीत ठेवल्या.

आयटीपार्क_वाला
पॉवर बँकेचं कोणी नीट लिहिलं नाही अजून. माझं नाव एअरपोर्टवर पुकारलं गेलंय त्यापायी, म्हणून मी लिहितो. पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, सगळं हातातल्या बॅगेत. खाली टाकलं तर बॅग परत बोलावतात किंवा बॅग जातच नाही. किती मोठी चालते, तर हिशोब वॉट-अवरचा असतो, डब्यावर एमएएच लिहिलेलं असतं त्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० वाली म्हणजे ७४, आरामात. १०० पर्यंत कोणी विचारत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी, त्याच्या वर बंदच. ३०,००० वाली १११ होते, लोक स्वस्तात ऑनलाइन घेतात आणि मग भांडतात. आकडा पुसला गेलेली किंवा लिहिलेलाच नसलेली पण अडकते, मोजणार कशी. घेताना दुकानात आकडा बघूनच घ्या.

शिक्षिका_निवृत्त
पण बॅटरी पेटते म्हणता तर वर माणसांत कशाला ठेवायची, खालीच बरी नाही का?

कार्गोतला_जुना_माणूस
बाई, तुम्ही वर्गात असता तर मी पहिल्या बाकावर बसलो असतो. वर पेटली तर दिसते, वास येतो, कर्मचारी पाणी ओततात, पिशवीत टाकतात. खाली सामानाच्या ढिगाऱ्यात पेटली तर हात पोचत नाही. आणि लिथियम एकदा आतून तापायला लागलं की एक सेल दुसऱ्याला तापवतो, विझलं वाटलं तरी पुन्हा धुमसतं. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान सुटायच्या आधीच पेटलं, आग वरच्या सामानाच्या कप्प्यातून निघाली होती, तपासात बोट पॉवर बँकेकडेच गेलं. माणसं वाचली, विमानाचं छप्पर जळलं. त्यानंतर त्यांनी पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच मनाई केली, अंगाजवळ ठेवा म्हणाले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी घातलीय, नेता एकच येते. आजोबा, तुमचं विमान कोणतं असेल ते असो, मुंबईत उतरल्यावर फोन भिंतीवर चार्ज करून घ्या.

सुदामानगरचे_होणारे_आजोबा
सगळ्यांचे आभार. तूप आणि लोणचं राहिलं.

बाफलेवाला
चेक-इन. डबा टेपने गुंडाळा, मग पिशवी, मग टॉवेल. हातात नेऊ नका, मुंबईला आंतरराष्ट्रीय सिक्युरिटीला १०० मिलीच्या वरची बाटली सोडत नाहीत, आणि त्याही सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. तूप पातळ आहे की घट्ट यावर तिथे वाद घालू नका, उन्हाळ्यात सगळंच पातळ. इथपर्यंत यायला कारण म्हणजे ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये कट पकडला होता, शीतपेयाच्या बाटल्यांतून स्फोटकं न्यायचा. तेव्हापासून अख्खं जग शांपू मोजतंय.

लोकमान्यनगर_ताई
बाळगुटीच्या डब्यावर आणि वेखंड, शेपा वगैरेच्या पुड्यांवर चिठ्ठ्या लावा, इंग्रजीत. करड्या रंगाची बिननावाची पावडर दिसली की कोणीही थांबवेल, मी असते तर मीही थांबवलं असतं. काकूंचे दागिने असतील तर जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या मुंबईला, येताना कोणी विचारलं की हे सोनं तिकडून आणलं का, तर दाखवायला कागद.

सुदामानगरचे_होणारे_आजोबा
(नऊ दिवसांनी)
मंडळी, पोचलो. आणि आजोबा झालो! मुलगी, दोन किलो नऊशे, आई-लेक ठणठणीत.

आता वृत्तांत. शनिवार-रविवार हिने आणि शेजारच्या काकूंनी मिळून लाडू परत केले, बिनखसखशीचे, जुने सगळे गल्लीत वाटले, सगळी गल्ली दोन दिवस पेंगत होती असं माझं मत आहे. विड्याची पानं आम्ही दोघांनी जेवणानंतर खाऊन टाकली. खोबरं घरी. नारळाचं मात्र हिने ऐकलं नाही, म्हणाली एअरपोर्टपर्यंत तरी येऊ दे, ओटी अर्धवट घराबाहेर काढत नाहीत. काउंटरवर मी स्वतःच विचारलं, त्या मुलीने मान हलवली, मग पुतण्या बाहेर थांबला होता त्याच्याकडे परत देऊन आलो. तो तिथूनच बिजासनच्या टेकडीवर गेला, देवीपुढे फोडला, फोटो पाठवला. ही फोटो बघून म्हणाली झालं, पोचली ओटी.

मुंबईला माझ्याच खिशात देवळातला कापूर निघाला, दोन वड्या, कुठल्या आरतीचा होता कोण जाणे. काढून घेतला, काही बोलले नाहीत. दुबईला बॅग उघडायला लावली, त्या माणसाने लाडवांचा डबा उघडला, वास घेतला, विचारलं काय आहे, मी म्हटलं स्वीट, फॉर मदर, न्यू बेबी. त्याने एकदा खसखस आहे का विचारलं, हिंदीत! मी इतक्या जोरात नाही म्हटलं की मागचा माणूस दचकला.

बर_दुबईतला_इंदुरी
आजोबा अभिनंदन!! सेव उरलीय का? मी शुक्रवारी येतो.

सुदामानगरचे_होणारे_आजोबा
सेव जावयाने संपवली. लाडू आहेत, या. मोजून आणले होते पन्नास, इथे येऊन निघाले सत्तेचाळीस. मी मुंबईत एकच खाल्ला होता, ही म्हणते तीन.